आता आकाश दुसऱ्याला देतो

आजारातून शुद्धीवर आल्यावर काकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'चमचा'. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली. तिने लगबगीने सूप आणलं. काकांनी मान झटकली, खिडकीकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, "चमचा." त्यांना खिडकी उघडून हवी होती. तेव्हापासून खिडकी चमचा, चष्मा चमचा आणि डॉक्टरही चमचा. मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली होती, ती विरघळली. हातपाय बऱ्यापैकी ताळ्यावर आले, पण शब्द काही परतले नाहीत. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. ओठांकडे येणाऱ्या वाटेवर मात्र कोणीतरी फतकल मारून बसलं होतं आणि येईल त्या शब्दाच्या हातात चमचा देऊन त्याला पुढे धाडत होतं.

एकदा जुने साहेब भेटायला आले. सगळं ऑफिस सोबत होतं. साहेब वाकून म्हणाले, "ओळखलंत का मला?" काकांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चमचा." साहेब कोणाकोणाची थुंकी झेलत वर चढले हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक खोकल्याची उबळ आल्यासारखे एकेक करून खोलीबाहेर पळाले. काकांनी आपल्या आजारपणाचे आभार मानले असतील तर त्या एकाच दिवशी.

चमच्यापेक्षा वाईट खोड होती ती हो आणि नाहीची. दोन्ही शब्द सुखरूप होते, पण त्यांनी आपसात घरं बदलली होती. कधी बरोबर निघायचे, कधी उलटे, आणि निघेपर्यंत काकांनाही पत्ता नसायचा. आक्का विचारायची, "चहा टाकू का रे?" काका ठासून "नाही" म्हणायचे आणि चहा आला नाही की गाल फुगवून बसायचे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. स्वतःचा संसार हातावेगळा करून भावाला सांभाळायला आली होती. ती म्हणायची, "याचं लहानपणापासून असंच आहे. मनात एक, तोंडात एक. डॉक्टरांना आत्ता कळलं."

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण त्याच खोडीने काकांचा घात केला.

काकांना एकुलती एक लेक, छकुली. चाळिशी गाठत आली होती, कानामागचे केस पिकायला लागले होते, खांद्यावर कॅप्टनच्या पट्ट्या होत्या, तरी घरात ती छकुलीच. लहानसं विमान घेऊन ती लांबलांबच्या वस्त्यांवर औषधं आणि रक्ताच्या पिशव्या पोचवायची. आई लवकर गेली, तेव्हापासून बापलेकींचं एकमेकांवाचून पान हलत नसे. गेल्या आठवड्यात ती काकांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, मी उडणं सोडते. इथल्याच ऑफिसात टेबलावरचं काम देतायत. उद्या तुम्हाला काही झालं तर तुम्हाला फोनवर धड सांगता यायचं नाही, आणि मी कुठेतरी ढगात असेन. सोडू ना?"

काकांच्या आत सगळं एका आवाजात ओरडलं, नाही. तोंडातून आलं, "हो."

वर डोळ्यांना धार लागली. आता रडत रडत म्हटलेल्या 'हो'वर कोण शंका घेणार? छकुलीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीत सांगून टाकलं, हा महिना शेवटचा. काकांनी तो 'हो' परत घ्यायला जंग जंग पछाडलं. तिची टोपी तिच्या डोक्यावर घातली, खिडकीतून आकाश दाखवलं, "चमचा, चमचा" करून घसा बसवून घेतला. आक्काने शेवटी खरोखरच एक चमचा आणून हातात दिला. डॉक्टरांनी चित्रांची पाटी दिली होती, तिच्यावर सफरचंद होतं, बादली होती, विमान काही नव्हतं. ती पाटी काकांनी कपाटामागे सारली.

काकांची सगळी नोकरी विमानांशी बोलण्यात गेली होती. ज्या मैदानांवर टॉवर नाही, नुसती एक धावपट्टी आणि एक शेड, तिथे उतरणाऱ्या विमानांचं टेबल त्यांच्याकडे असे. ढगातून येणाऱ्या वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही, तो समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून खाली येतो. दुसरं विमान त्याच्यावर आदळू नये म्हणून त्या मैदानावरचं सगळं आकाश त्या एकट्याच्या नावावर ठेवायचं. तो ढगाखाली गेला की मग ना तो दिसतो, ना रेडिओवर ऐकू येतो. उतरला की पडला हे सांगायला तिथे कोणी नसतं. म्हणून उतरल्यावर त्याने स्वतः फोन करून 'उतरलो' म्हणायचं. तोवर आकाश बंद, मागून आलेला दुसरा वर घिरट्या घालत बसणार. आणि फार वेळ फोन आला नाही तर शोधपथक निघणार.

नव्या पोरांना काका हे एका वाक्यात शिकवायचे. "संडासाचं दार आहे बाबांनो. आतल्याने कडी काढल्याशिवाय बाहेरच्याने समजायचं काय?"

वैमानिकाचा फोन आला की पुस्तकात लिहिलेलं कोरडं वाक्य न म्हणता काका आपलं एक म्हणत. "पोचलात? ठीक. आता आकाश दुसऱ्याला देतो." वादळवाऱ्यातून पाय लटपटत उतरलेल्या माणसाला ते ऐकलं की आपण खरंच जमिनीवर आहोत असं वाटायचं. काही जण तर तेवढ्यासाठी लवकर फोन करत, आणि काकांचं काम आयतंच होत असे.

आता त्या टेबलावर सबुरी बसायची. तिचं हे नाव काकांनीच पाडलं होतं. आली तेव्हा पोरगी नुसती वादळ होती, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देणारी. काका दर थोड्या वेळाने म्हणत, "सबुरी." शेवटी तेच नाव चिकटलं. एकदा तिच्यासमोरच एका विमानाचा माइक बिघडला. वैमानिकाला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं, फक्त बटण दाबल्याची टक ऐकू यायची. सबुरीला घाम फुटला. काकांनी शांतपणे माइक घेतला. "तुमचा आवाज येत नाही, टक येते. हो असेल तर एक टक. नाही असेल तर दोन. समजलं?" टक. मग एकेक प्रश्न विचारत त्यांनी त्याला जमिनीवर आणलं. ही पद्धत जुनीच, पण सबुरीने ती पहिल्यांदा पाहिली. नंतर ती म्हणाली, "काका, मुक्या माणसाशी तुम्ही गप्पा मारल्यात." काका म्हणाले, "मुका कुठे होता? मी नीट विचारलं नसतं तर मुका झाला असता."

तर आज सकाळपासून ढग खाली उतरले होते. काकांनी खुर्चीतून पाहिलं आणि मनात म्हणाले, आज सगळे काट्यांवर येणार, सबुरीचा फोन काही मोकळा राहायचा नाही. आक्काने त्यांच्यापुढे सूप ठेवलं, गळ्यात रुमाल खोचला आणि औषधं आणायला खाली गेली. जाताना दटावून गेली, "सांडू नकोस. आणि फोन आला तर उचल, नुसता बघत बसू नकोस."

फोन आला. छकुली होती. एरवी ती आधी कंट्रोलला, म्हणजे सबुरीच्या टेबलाला, कळवायची आणि मग घरी, "काय बाबा, जेवलात का?" असं लाडाचं काहीतरी. आज मात्र आवाज कामाचा होता.

"मैदानावर उतरले. धावपट्टी सोडली आहे. सगळं ठीक."

काकांनी काही ठरवलं नाही. ठरवलं असतं तर चमचाच आला असता. उभ्या आयुष्यात या वाक्याला त्यांनी जे उत्तर दिलं होतं ते आपल्या पायांनी चालत आलं.

"पोचलात? ठीक. आता आकाश दुसऱ्याला देतो."

काकांनी दचकून रिसीव्हरकडे पाहिलं.

"बाबा?" छकुलीचा आवाज चिरकला. "बाबा, तुम्ही बोललात. अख्खं बोललात. आणि मला काय अहोजाहो करताय?" मग ती हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. "कंट्रोलची लाइन लागत नव्हती म्हणून मधल्या मध्ये तुम्हाला केला, तेच वाक्य तोंडात होतं बघा... थांबा हं, औषधं न्यायला माणूस आलाय. देते आणि पुन्हा फोन करते. पुन्हा म्हणायचं, विसरायचं नाही."

फोन बंद झाला. काका रिसीव्हर छातीशी धरून बसून राहिले. मग त्यांनी हळूच पुन्हा म्हणून पाहिलं. "चमचा," तोंड म्हणालं. म्हणू दे. एकदा वाट सापडली होती ना, मग पुन्हा सापडेल. काकांना इतका आनंद झाला की सांडायचं नाही हे विसरून त्यांनी सुपाचा एक मोठा घोट घेतला.

तो घोट घशातच राहिला. कंट्रोलची लाइन लागत नव्हती.

म्हणजे छकुलीने कंट्रोलला सांगितलंच नव्हतं. ती बातमी तिने त्यांना दिली, आणि त्यांनी, पेन्शनीत निघालेल्या माणसाने, गळ्यात रुमाल बांधून घरच्या खुर्चीतून आकाश वाटून टाकलं. ज्या कानांनी ती लहानपणापासून ते वाक्य ऐकत आली, त्यांना वाटलं असणार की झालं, कडी निघाली. ती आता मनाने मोकळी झाली होती. आणि त्या मैदानावर फोन लागतो तो फक्त शेडच्या भिंतीपाशी. तिथून हलली की संपलं.

काकांनी कंट्रोलचा नंबर फिरवला. बोटांना तो पाठ होता. लाइन बिझी. पुन्हा फिरवला, पुन्हा बिझी. खिडकीबाहेर ढग आणखी खाली आले होते. मागून दुसरं विमान आलं असेल तर आतापर्यंत घिरट्या घालत असेल. उडायला लागल्यापासून छकुलीच्या हातून एकदाही अशी चूक झाली नव्हती. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात शोधपथक निघणार होतं, आणि तेही ती सुखरूप असताना, बापाच्या एका वाक्यापायी. रिसीव्हर खाली ठेवला तोच फोन वाजला.

"काका, मी सबुरी." आवाज हळू आणि गोड होता, आजारी माणसांसाठी राखून ठेवलेला. "घाबरू नका हं. छकुलीताईचा फोन आला होता का? पोचली का ती?"

काकांनी सगळं बळ एकवटलं. "नाही," ते म्हणाले.

काकांनी डोळे मिटून घेतले. हो, हो, हो. तोंड उघडलं. "नाही. चमचा."

"बरं काका," सबुरी आणखी गोड आवाजात म्हणाली, आणि त्या गोडव्याखाली तिचा आवाज कापत होता. "येईल हं फोन. तुम्ही आराम करा. ठेवते मी."

ती ठेवणार होती. काकांच्या हातात सुपाचा चमचा होता. आजवर ते नेहमी टक ऐकणाऱ्या बाजूला बसले होते, वाजवणारी बाजू त्यांना कधी सुचलीच नव्हती. त्यांनी चमचा उचलला आणि रिसीव्हरवर आपटला. टक.

फोन ठेवला गेला नाही.

त्यांनी थांबून पुन्हा वाजवला. एकदाच. टक.

मग सबुरी बोलली, पण तो आवाज गोड नव्हता. तो टेबलावरचा आवाज होता, सपाट, सावकाश, जो त्यांनीच तिला घासूनपुसून तयार करून दिला होता. "तुमचा आवाज येत नाही, टक येते. हो असेल तर एक टक. नाही असेल तर दोन. समजलं?"

आजारी पडल्यापासून काकांशी असं कोणी बोललं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, पण चमचा नेमका पडला. टक.

"विमान हवेत आहे?"

टक टक.

"विमान जमिनीवर आहे?"

टक.

नेमकी त्याच वेळी आक्का दारातून आत आली. पाहते तर भाऊ सुपाने माखलेल्या चमच्याने फोन बडवतोय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. "अरे काय चाललंय? फोन आहे की ताट?" तिने रिसीव्हर हिसकावून घेतला. "हॅलो? कोण बोलतंय? छकुलीचा फोन? नाही हो, आज नाही आला. मी सकाळपासून घरातच आहे. काय झालं? माझ्या पोरीला काय झालं?"

घरात असल्याचं तिला मनापासून वाटत होतं. औषधं आणायला गेलेला वेळ तिच्या हिशेबी बाहेर नव्हताच. काका उठायला धडपडले. आक्काने एका हाताने त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं.

एकीकडे धडधडीत बोलणारी बाई, दुसरीकडे चमचा वाजवणारा माणूस. कोणीही बाईवर विश्वास ठेवला असता. सबुरीने एक श्वास घेतला, तो आक्काला ऐकू गेला. मग ती म्हणाली, "आत्याबाई, फोन काकांना द्या. ड्यूटीवरच्या माणसाशी बोलायचंय मला."

हे ऐकून आक्का इतकी गडबडली की तिने रिसीव्हर मुकाट्याने भावाच्या हातात दिला.

"काका, तुम्हाला छकुलीताईने स्वतः सांगितलं?"

टक.

"उतरायच्या आधी?"

टक टक.

"उतरून धावपट्टी सोडल्यावर?"

टक.

"तुमची खात्री आहे? तुम्ही माझ्या जागेवर असता तर एवढ्यावर आकाश मोकळं केलं असतंत?"

काकांनी या प्रश्नाला वेळ घेतला. टेबलावर असताना घ्यायचे तेवढाच. मग चमचा सावकाश उचलून वाजवला. टक.

"पोचली. ठीक," सबुरी म्हणाली, आणि तिचा सपाट आवाज शेवटी हलला. "आता आकाश दुसऱ्याला देते."

तिच्यामागून रेडिओवर कोणाचा तरी घोगरा आवाज आला. तो टपालाच्या विमानाचा म्हातारा वैमानिक होता, काका त्याला चांगले ओळखत. "मिळालं का एकदाचं? मला वाटलं छकुलीने सातबारा करून घेतला." काका आवाज न करता हसले, आणि आक्का त्यांच्याकडे बघत तशीच उभी राहिली, पिशवी हातात धरून.

टपालाचं विमान डोक्यावरून उतरलं तेव्हा छकुली भानावर आली. तिचा फोन आला तो रडवेला होता. "बाबा, मी कळवायचं विसरले. असं कसं विसरले मी? तुम्ही म्हणालात देतो, आणि मला वाटलं दिलं." सबुरीने तिला सगळं सांगितलं होतं, आणि पुढच्या खेपेला कान उपटण्याचं आश्वासनही दिलं होतं.

संध्याकाळी छकुली घरी आली तेव्हा आक्का स्वयंपाकघरातून ओरडत होती, "चहा टाकू का? एक की दोन?" आणि खुर्चीतून उत्तर येत होतं. टक. "साखर घालू?" टक. "डॉक्टरांनी नको म्हटलंय." टक टक टक. तीन टकांचा अर्थ 'पुन्हा सांगा' असा होतो. आक्काने तो न शिकताच ओळखला.

छकुली त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली, गेल्या आठवड्यात बसली होती तिथेच. तिने त्यांच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. तो हो खरा होता की उलटा?" मग तिला कळलं की या प्रश्नाला टक पुरत नाही. तिने नीट विचारलं. "मी उडणं सोडू?"

टक टक. दुसरी टक पहिलीपेक्षा जोरात होती.

छकुलीने मान खाली घातली. काकांना वाटलं, सुटलो. पण लेक त्यांचीच होती, एका उत्तरावर दार बंद करणारी नव्हती. तिने मान वर केली. "आणि मी घरी असावं असं वाटतं तुम्हाला?"

काका थांबले. आता दोन टक वाजवल्या असत्या तर सगळं सोपं झालं असतं. ती निर्धास्त उडाली असती, मागे वळून बघायची गरज राहिली नसती. पण टेबलावर त्यांनी कधी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. खोट्यावर विमान उतरत नाही. त्यांनी तिचा हात ओढून घेतला, तळवा उघडला, आणि चमचा नव्हे, बोट त्यावर एकदा टेकवलं.

तिने मूठ मिटली. आक्का चहा घेऊन आली, दोघांकडे पाहून परत आत गेली आणि उगाच भांडी वाजवत राहिली.

सकाळी ढग उचलले होते. छकुलीने टोपी घातली, जोडे चढवले, किल्ल्या शोधल्या आणि त्या हातातच सापडल्या. उडणं सोडत नाही हे कंपनीत कसं सांगायचं ते ती जिन्यात पाठ करणार होती. दारात थांबून तिने मागे पाहिलं. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत.

"येते, बाबा."

काकांनी तोंड उघडलं नाही. धोका कशाला पत्करायचा? खुर्चीच्या हातावर त्यांनी चमचा एकदाच वाजवला.